बिलावर नाव कोणाचं?

नव्या शहरात सामान उतरवलं की पुढचे पंधरा दिवस एकच प्रश्न वेगवेगळ्या खिडक्यांवर विचारला जातो : पत्त्याचा पुरावा आहे का? गॅस एजन्सीला तो हवा असतो, बँकेला हवा असतो, मतदार यादीला हवा असतो, पोरांच्या शाळेला हवा असतो. पुरावा म्हणजे नेमकं काय, असं विचारलं की बहुतेक ठिकाणी पहिलं उत्तर येतं, लाइट बिल. भाड्याने राहणाऱ्या माणसाकडे नेमकं तेच नसतं. बिलाचे पैसे तो भरतो, पण त्यावर नाव दुसऱ्याचं असतं.

कारकुनी कामात तत्त्वज्ञान कसलं शोधायचं, असं कोणी म्हणेल. पण गेली दोन वर्षं गोंदियात भाड्याने राहताना हा प्रश्न मला सारखा आडवा येतो आहे, आणि तो कागदाचा कमी आणि नीतीचा जास्त वाटतो. जिथे आपण थोड्याच काळासाठी राहणार आहोत, तिथे आपलं नाव कुठेतरी लागलेलं असावं का? ते मागण्याचा आपल्याला हक्क आहे का? आणि हक्क असला, तरी तो समोरच्या माणसाच्या भीतीवर चालवावा का?

मी मूळची मिरजेची. लहानपणापासून गोंदिया म्हणजे माझ्यासाठी गाडीवरची पाटी होती. कोल्हापूरहून निघणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस आमच्या स्टेशनात यायची, तिच्या डब्यावर ‘गोंदिया’ लिहिलेलं असायचं, आणि ते गाव जिथे रूळ संपतात तिथे असणार, अशी माझी समजूत होती. नोकरीत बदलीचा आदेश आला तेव्हा मी त्याच गाडीत बसले आणि एका दिवसाहून जास्त वेळ राज्याची लांबी मोजत आले. रूळ इथे संपत नाहीत. हावड्याकडे जातात, बालाघाटकडे जातात, चांदा फोर्टकडे जातात. गोंदियात उतरणाऱ्यांपेक्षा गोंदियातून जाणारे जास्त, असं इथले लोक स्वतःच हसून सांगतात.

बदली झालेल्या माणसाचा संसार कसा हलतो ते ज्यांनी अजून केलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. फोनचं काहीच करावं लागत नाही. पूर्वी सर्कल बदललं की नंबर बदलायचा किंवा रोमिंग सोसायचं. २०१५च्या जुलैपासून देशभर नंबर तोच ठेवता येतो. वायफाय एका दिवसात लागलं, आधार आणि ओटीपी एवढ्यावर. गॅसचं मात्र जुन्या पद्धतीने. मिरजेच्या एजन्सीत सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करायचा, ‘टीव्ही’ घ्यायचा (कागदाचं खरं नाव टर्मिनेशन व्हाउचर, पण काउंटरवर सगळे टीव्हीच म्हणतात), तो कागद नव्या गावात दाखवायचा. जुनी ठेव जुन्या दराने परत मिळते आणि नवी ठेव आजच्या दराने भरावी लागते. ज्यांच्याकडे कसलाच पत्ता नाही त्यांच्यासाठी पाच किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो. इंडियन ऑइलने तर त्याचं नावच ‘छोटू’ ठेवलं आहे. उज्ज्वला योजनेच्या २०२१मधल्या दुसऱ्या टप्प्यात स्थलांतरित कुटुंबांना स्वतःच्या पत्त्याचं स्वतःच लिहून दिलेलं घोषणापत्र चालतं, ही मला त्या योजनेतली सगळ्यात शहाणी ओळ वाटते. कुणीतरी कुठेतरी मान्य केलं की गरीब माणूस कुठे राहतो हे त्याच्याइतकं कोणाला माहीत नसतं.

म्हणजे बघा, फोन आणि इंटरनेट आपल्याला शहरात आल्याची नोंद न करताही राहू देतात. मिरजेचा नंबर, पुण्यातल्या शाखेचं खातं, जेवण ॲपवर, करमणूक स्क्रीनवर. माझ्या वयाची कितीतरी मुलंमुली अशीच राहतात आणि त्यांना ते मोकळं वाटतं. मलाही काही दिवस वाटलं. पण विजेला आणि पाण्याला मात्र तार लागते, पाइप लागतो. ती भिंतीतून येते. ती कुणाच्या तरी नावावर असते.

आमच्या घराचं मीटर तीन बिऱ्हाडांत एकच आहे. खाली घरमालक, म्हणजे काकाजी आणि काकू. मागच्या खोल्यांत सालेकश्याकडचं एक जोडपं. वर मी. आम्हा दोघा भाडेकरूंना सबमीटर आहेत, आणि महिन्याच्या शेवटी काकाजी वहीत आकडे उतरवून युनिटमागे दहा रुपये घेतात. दहा का, असं मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, “सगळेच घेतात मॅडम.” मी चिडले नाही, पण हिशेब मांडला. तुम्हीही मांडून बघा, कारण तुमच्यातले बरेच जण असेच राहत असणार.

महाराष्ट्रात घरगुती विजेचे टप्पे असतात : पहिली १०० युनिटं, मग ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत, मग पुढे. दुसऱ्या टप्प्याचा दर पहिल्याच्या दुपटीच्या आसपास जातो. समजा तिन्ही बिऱ्हाडं प्रत्येकी ९० युनिटं वापरतात. तीन वेगळी मीटरं असती तर तिघांचीही सगळी युनिटं स्वस्त टप्प्यात बसली असती. एकच मीटर असल्याने २७० युनिटांचं एक बिल होतं, आणि त्यातली १७० महाग टप्प्यात जातात. सरकारने कमी वापरणाऱ्याला दिलेली सवलत अशा रीतीने वापर कमी असूनही मिळत नाही, केवळ कागदावर तीन घरं एक दिसतात म्हणून. स्थिर आकार तीनदा भरावा लागला असता, तो वाचतो, हे खरं. पण वजाबाकी करूनही भाडेकरूच्या हाती तोटाच येतो. काकाजींचे दहा रुपये मला त्यानंतर लूट वाटले नाहीत. त्यांनाही ती वीज महागच पडते. आम्ही तिघं मिळून एकाच नावाची किंमत मोजत होतो.

आणि ठेवीचं काय? वीज कंपनीकडे सुरक्षा ठेव असते, सरासरी मासिक बिलाच्या दुपटीपर्यंत. वापर वाढला की वाढीव ठेवीचं वेगळं बिल येतं. ते माझ्या पंख्यामुळे आणि मागच्या जोडप्याच्या कूलरमुळे वाढलं, म्हणून आम्ही वर्गणी दिली. पण ठेव ज्याच्या नावावर, व्याज त्याच्या खात्यात. आम्ही उद्या निघून गेलो तर ते पैसे घरातच राहतील. रक्कम मोठी नाही. पण ‘थोड्या दिवसांचा प्रश्न आहे, जाऊ दे’ या वाक्यावर किती गोष्टी चालतात, त्याचा हा नमुना.

आता कायदा काय म्हणतो? मला वाटलं होतं त्यापेक्षा तो भाडेकरूच्या कितीतरी बाजूने आहे. २००३च्या वीज कायद्याचं कलम ४३ वीज कंपनीवर बंधन घालतं ते जागेच्या मालकाने ‘किंवा भोगवटादाराने’ मागणी केली तर पुरवठा देण्याचं. भोगवटादार म्हणजे जो प्रत्यक्ष राहतो तो. ग्राहकांच्या हक्कांच्या २०२०च्या नियमांत नव्या जोडणीला मुदतही आहे. २०२४च्या दुरुस्तीनंतर ती महानगरात ३ दिवस, इतर नगरपालिका क्षेत्रात ७ आणि ग्रामीण भागात १५ दिवस अशी झाली. मे २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटलं की वीज ही मूलभूत गरज आहे आणि घरमालकाने ना-हरकत दिली नाही एवढ्यावरून भाडेकरूला ती नाकारता येणार नाही. महाराष्ट्राच्या १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्यात कलम २९ आहे : घरमालकाने भाडेकरूचं पाणी किंवा वीज तोडायची नाही. भांडण झालं की आधी मोटर बंद करणारे, फ्यूज काढून नेणारे मालक हे कलम वाचत नसावेत.

मी हे सगळं वाचलं आणि काकाजींकडे गेले. वेगळं मीटर माझ्या नावावर घेऊ का, असं विचारलं. खर्च माझा, जाताना ते रद्द करून जाईन, हवं तर तसं लिहून देते.

“तुमाले काही कमी पडते का मॅडम?” ते म्हणाले. “मंग मीटरच्या भानगडीत कायले पडता?”

ही भीती मला ओळखीची होती. आमच्याकडे त्याला ‘कूळ लागणं’ म्हणतात. कूळ कायद्याच्या आठवणी मराठी घरांत अजून ताज्या आहेत. विदर्भात तर त्यासाठी १९५८ साली स्वतंत्र कायदा झाला होता. कसेल त्याची जमीन, या न्यायाने अनेकांना जमीन मिळाली आणि अनेकांची गेली. ज्यांची गेली त्यांच्या घरात एक धडा राहिला : राहणाऱ्याचं नाव कागदावर येऊ देऊ नका. तो धडा शेतातून शहरात आला, सातबारावरून लाइट बिलावर आला. म्हणून करार अकरा महिन्यांचा, कारण १९०८च्या नोंदणी कायद्यात वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची. (महाराष्ट्रात १९९९च्या कायद्याने अकरा महिन्यांचाही करार नोंदवावाच लागतो, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. तरी अकराचा आकडा काही सुटत नाही. सवय.) लाइट बिलाने मालकी सिद्ध होत नाही, हे कितीही सांगितलं तरी ही भीती जात नाही, कारण ती कलमांतून आलेलीच नाही.

मग प्रश्न उरतो तो असा. कायदा माझ्या बाजूने आहे, मागणी वाजवी आहे, समोरचा माणूस सत्तर वर्षांचा आहे आणि त्याची झोप उडणार आहे. हक्क चालवायचा की नाही? आपल्याकडे अशा वेळी दोन सोपी उत्तरं तयार असतात. एक, हक्क तो हक्क, भीती त्यांची, प्रश्न त्यांचा. दुसरं, कशाला म्हाताऱ्या माणसाला त्रास, दोन वर्षांचा तर प्रश्न. मला दोन्ही पटत नाहीत. पहिल्यात माणूस दिसत नाही. दुसरं उत्तर दयाळू दिसतं, पण त्यात एक फसवणूक आहे : आपण ‘दोन वर्षांचे’ आहोत असं म्हणून आपण स्वतःलाही सगळ्यातून मोकळं करून घेतो. फक्त हक्क सोडत नाही, जबाबदारीही सोडतो.

हे मला एका वादळाच्या रात्री नीट कळलं. मे महिना होता. वाऱ्याने समोरच्या कडुलिंबाची फांदी तारेवर पडली आणि अख्ख्या गल्लीची लाइन गेली. आमच्याकडे लाइट जाते, इथे लाइन जाते. तक्रार नोंदवायला फोन लावला. पलीकडून विचारलं, ग्राहक क्रमांक? काकूंनी जुनं बिल शोधून दिलं, मी बारा आकडे वाचले. पलीकडच्या माणसाने नाव वाचून खात्री करून घेतली : अमुक अमुक, बरोबर? मी हो म्हटलं. ते नाव काकाजींचं नव्हतं. काकाजींच्या वडिलांचं होतं. ते वारून अकरा वर्षं झाली आहेत.

तासाभरात माणसं आली, फांदी काढली, लाइन आली. पण त्याआधी तक्रारीचा मेसेज गेला तो नोंदवलेल्या मोबाइलवर, म्हणजे रायपूरला राहणाऱ्या काकाजींच्या धाकट्या भावाच्या फोनवर. रात्री अकरा वाजता त्याचा खाली फोन. “पिताजी के नाम से किसने शिकायत की?” त्याला वाटलं घराचं काहीतरी चाललंय.

म्हणजे काकाजी माझ्यामुळे घाबरत नव्हतेच. नाव बदलायचा अर्ज करायचा तर वारसांची कागदपत्रं लागतात, भावा-बहिणीच्या संमत्या लागतात, आणि संमती मागितली की घर कोणाचं हा प्रश्न उघडतो. तो प्रश्न अकरा वर्षं झाकून ठेवला आहे आणि झाकण म्हणजे ते बिल. काकाजी स्वतःच्या घरात माझ्यासारखेच आहेत. पैसे ते भरतात, नाव दुसऱ्याचं. आमच्या तीन बिऱ्हाडांत कागदावर राहणारा माणूस एकच, आणि तो हयात नाही.

त्या रात्रीनंतर मी आजूबाजूला विचारत सुटले. कुणाचं बिल आजोबांच्या नावावर, कुणाचं ज्याच्याकडून घर विकत घेतलं त्याच्या, कुणाचं तर भाऊ वेगळे होण्याआधीच्या एकत्र कुटुंबाच्या कर्त्याच्या. सगळी बिलं वेळेवर भरली जातात. वीज वापरणारा आणि विजेला उत्तर देणारा, ही दोन माणसं आपण अलगद वेगळी करून टाकली आहेत.

विजेच्या बाबतीत हे गोंदियात जास्तच खुपतं. जिल्ह्यातल्या तिरोड्याला ३,३०० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र आहे, प्रत्येकी ६६० मेगावॅटचे पाच संच. कोळसा इथे जळतो, राख इथे पडते, वीज ग्रीडमध्ये जाते आणि राज्यभर पसरते. मागच्या खोलीतल्या भाऊंची सालेकश्याला शेती आहे. उन्हाळी धानाला पाणी द्यायचं तर पंपाला वीज आठ तास, कधी दिवसाची पाळी, कधी रात्रीची. रात्रीची असली की ते इथून मोटारसायकलवर जातात. अंधारात बांधावर रानडुक्कर असेल की आणखी काही, याचा नेम नसतो. मी एकदा सहज म्हटलं, वीज तर तुमच्याच जिल्ह्यात तयार होते. ते हसले. “युनिटले गाव नसते मॅडम.” खरंच आहे. तारेतून येणाऱ्या विजेला पत्ता नसतो. तिला पत्ता मिळतो तो मीटरपाशी. पहिल्यांदा तिथे कुणीतरी म्हणतं, ही मी वापरली, याचं मी देणं लागतो.

इथे नोकरीसाठी येणाऱ्यांत एक शब्द फार चालतो, अप-डाउन. नागपूर गाडीने अडीचेक तासांवर. कितीतरी कर्मचारी सकाळी येतात, संध्याकाळी जातात. पोस्टिंग इथलं, घर तिथलं. मुख्यालयी राहण्याचा नियम आहे. घरभाडे भत्त्यासाठी ग्रामविकास विभागाने २०१९मध्ये ग्रामसभेचा ठराव लागेल असंही ठरवलं. त्यावरून शिक्षक संघटना आणि प्रशासन यांची रस्सीखेच चालू असते, गावातली माणसं दोन्हीकडे बघत असतात. अप-डाउन करणाऱ्यांना नावं ठेवणं सोपं आहे आणि मला ते करायचं नाही. कुणाच्या बायकोची नोकरी नागपुरात, कुणाच्या मुलाची दहावी, कुणाच्या आईचं डायलिसिस. तरी एक गोष्ट मी पाहिली आहे. ज्या कार्यालयातली माणसं सहाच्या गाडीने जातात, त्या कार्यालयाला गावात रात्री काय होतं ते माहीत नसतं. पाणी किती वाजता येतं, कोणती गल्ली तुंबते, वैनगंगेवर डांगोर्लीला पाणी आटलं की शहरात कुणाच्या दारात आधी टँकर लागतो. हे कळायला रात्र इथे काढावी लागते.

मतदार यादीच्या कायद्यात या बाबतीत एक सुंदर गोष्ट आहे. १९५०च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात ‘सर्वसाधारणपणे राहणारा’ असा शब्दप्रयोग आहे, आणि कलम २० सांगतं की एखाद्याचं त्या जागी घर आहे एवढ्यावरून तो तिथला रहिवासी ठरत नाही. मालकी वेगळी आणि राहणं वेगळं, हे आपल्या संविधान सभेच्या पिढीने स्वच्छ लिहून ठेवलं. रायपूरच्या भावाची या घरात मालकी असेल. राहतो आम्ही. माझं मत मी नोंदणीकृत भाडेकरारावर गोंदियात हलवलं, फॉर्म ८ भरून. त्याला लाइट बिल लागलं नाही.

इमॅन्युएल कान्टने १७९५मध्ये शाश्वत शांततेवर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात तो म्हणतो की परक्या माणसाला दुसऱ्याच्या भूमीवर आल्याबद्दल शत्रूसारखं वागवलं जाऊ नये, हा त्याचा हक्क आहे; मात्र तो भेटीचा हक्क आहे, पाहुणा म्हणून राहण्यासाठी वेगळा करार लागतो. स्वतः कान्टने केनिग्सबर्ग आणि आसपासचा भाग आयुष्यात सोडला नाही, त्यामुळे त्याला हे सोपं होतं. पण भाडेकरू या दोन्हींच्या मधला आहे आणि कान्टच्या यादीत तो नीट बसत नाही. तो पाहुणा नाही, कारण पैसे देतो. तो घरचा नाही, कारण अकरा महिन्यांनी त्याला विचारलं जाणार आहे. आज आपल्यातले कितीतरी लोक आयुष्याची पंधरा-वीस वर्षं या मधल्या जागेत काढतात. गोंदिया, भंडाऱ्याची मुलं पुण्यात, हैदराबादेत, नागपुरात कॉटबेसिसवर राहतात. त्यांच्याही डोक्यावरचा पंखा कुणातरी दुसऱ्याच्या नावावर फिरतो. ही मधली जागा तात्पुरती आहे असं म्हणत राहिलो, तर आपलं तरुणपण सगळंच तात्पुरतं ठरतं.

जुन्या देण्याचा प्रश्नही याच्याशी जोडलेला आहे. घर बदललं की आधीच्या माणसाने थकवलेलं बिल कुणी भरायचं? महाराष्ट्राच्या वीज पुरवठा नियमांत याचं उत्तर मजेशीर आहे. थकबाकी जागेवर राहते. नवा माणूस वारस नसेल तर त्याच्यावर जास्तीत जास्त सहा महिन्यांची येते. वारसाला मात्र ही मर्यादा नाही. मे २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मान्य केलं की नियमांत तशी तरतूद असेल तर जागा घेणाऱ्या नव्या मालकाकडून जुनी बाकी मागता येते. मी न वापरलेल्या विजेचे पैसे मी का द्यावेत, हा राग स्वाभाविक आहे. तरी सहा महिन्यांचा तो आकडा मला विचारात पाडतो. नियम करणाऱ्यांनी जणू मोजून सांगितलं : परका असलास तरी या जागेचं थोडं ऋण तुझ्याकडे येतंच, अगदी कोऱ्या पाटीने कुणी कुठेच राहायला येत नाही.

इथल्या तलावांचंही असंच झालं. भंडारा-गोंदिया-चंद्रपूर-गडचिरोली पट्ट्यात हजारो जुने तलाव आहेत. त्यातले कितीतरी कोहळी समाजाच्या कारागिरीचे, नवेगाव बांधचा सगळ्यात प्रसिद्ध. मालगुजारांच्या काळात ते मालगुजारांचे होते. १९५०च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले. कागदोपत्री त्यांना ‘माजी मालगुजारी’ म्हणू लागले, त्याचं लिहिताना मा.मा. झालं, आणि लोकांनी त्याचे मामा तलाव करून टाकले. मामाचा आणि त्या पाण्याचा काही संबंध नाही. पण नाव माजी मालकाचं, मालकी सरकारची, पाणी शेतकऱ्याचं, आणि गाळ कुणी काढायचा यावर सगळे एकमेकांकडे बघतात. आमच्या मीटरची गोष्ट मला या तलावांपेक्षा फार वेगळी वाटत नाही. फक्त आमच्याकडे गाळ साचलेला दिसत नाही.

म्हणून मी काय केलं? कलम ४३ घेऊन गेले नाही. ते सोडूनही दिलं नाही. काकाजींना म्हटलं, माझं मीटर राहू द्या, आधी तुमचं नाव लावून घेऊ. कागद मी तयार करते. मृत्यूचा दाखला काकूंच्या ट्रंकेत होता. वारसांची यादी तीन जणांची : काकाजी, रायपूरचे भाऊ, बालाघाटला दिलेली बहीण. नाव बदलल्याने घराची वाटणी होत नाही, हक्क कुणाचा कमी होत नाही, असं एका कागदावर साध्या मराठीत आणि दुसऱ्यावर हिंदीत लिहिलं. शिवाय काकाजींनी आणि आम्ही दोघा भाडेकरूंनी आमचं आमचं ठरवलं : बिलाचा फोटो दर महिन्याला सगळ्यांच्या फोनवर, युनिटचा दर बिलातून काढायचा, ठेवीत दिलेले पैसे वहीत नावानिशी लिहायचे आणि जाताना परत. दहा रुपयांचे कधी नऊ होतात, कधी अकरा. मागच्या वहिनींनी वहीच्या पहिल्या पानावर तिघांची नावं लिहून घेतली.

रायपूरच्या भावाने दोन महिने वेळ लावला आणि सही करून पाठवली. सोबत एक ओळ, की मोबाइल नंबर पण बदलून घ्या, मला रात्रीचे मेसेज नको.

राहिली बालाघाटची बहीण. तिला हरकत असेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. तिने घरातला वाटा कधी मागितलाच नाही. काकाजींनी फोन स्पीकरवर ठेवला होता, मी समोर बसले होते. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “दादा, नाव तुमचं लावा, माझं काही म्हणणं नाही. पण बाबूजींचं नाव आता कुठंच येत नाही. राशनकार्डातून गेलं, बँकेतून गेलं. मी माहेरी आली की ते बिल पाहते. दर महिन्याला त्यांच्या नावानं घरी काही येते, तर बरं वाटते मले.”

काकाजी काही बोलले नाहीत. काकू उठून आत गेल्या. जबाबदारीबद्दल, उत्तर देण्याबद्दल मी इथे जे सगळं लिहिलं आहे ते मला त्या वेळीही माहीत होतं, पण त्या फोनवर ते सांगावंसं वाटलं नाही. त्या घरात तिचं नाव कधीच कशावर नव्हतं. वडिलांच्या नावामागे ती उभी होती, तेवढीच तिची जागा.

कागद अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे, दोन सह्या झालेला. दिवाळीला तिघं भावंडं इथे येणार आहेत. तेव्हा बसून बोलू, असं काकाजी म्हणतात. काकूंचं म्हणणं आहे की बाबूजींच्या नावाचं एक जुनं बिल फ्रेम करून ताईंना द्यावं. काकाजींना ते पटलेलं नाही. बिलाची कुणी फ्रेम करते का, असं ते दोनदा म्हणाले. पण परवा त्यांनी मला विचारलं की हे बिलाचं कागद किती वर्षं टिकतं, शाई उडते का.